सोप्याचं गोदाम करून टाकलंय

आमच्या सोप्यात, म्हणजे दारातनं आत आल्यावरच्या पुढच्या खोलीत, पाय ठेवायला जागा नाही आणि घरात कुणाला त्याचं काही वाटतही नाही! दारात चपलांचा ढीग, त्यावर हेल्मेट, दाराच्या कडीला ठिबकणारा रेनकोट. काल आई त्याच पाण्यावर घसरली. चौकट हाताला लागली म्हणून वाचली.

आणि हे सगळं त्या नव्या कपाटापायी. जून लागला की बेळगावात पाऊस थांबायचं नाव घेत नाही, खानापूर-कणकुंबीकडचं तर बोलायलाच नको. सुतार इथलाच, त्याला हे माहीत नाही काय? तरी दारामागं बंद पल्ल्यांचं कपाट ठोकून गेला. वरनं सनमायका चकाचक, आत हवा जायला एक भोक नाही. ओले बूट आत ठेवले की चार दिवसांत चामड्यावर बुरशी. कपाटाची खोली आठ इंच, बूट फूटभर! म्हणजे तिरके कोंबायचे आणि पल्ला कायम अर्धा उघडा. प्लायसुद्धा साधा कमर्शियल. खालची कड पाणी पिऊन पावासारखी फुगलीय. पाण्याच्या जागी आयएस 710 चा, म्हणजे पाणी सोसणारा मरीन प्लाय घालतात, शिक्का फळीवरच असतो. पैसे मात्र भारीतल्या मालाचे घेतले.

जुन्या घरात सोप्याला ओळीनं सागवानी खुंट्या होत्या. आजोबांचा पटका, छत्र्या, कंदील, सगळं टांगलेलं. किल्ल्या देवळीत. इरली पडवीत. शेतातनं आलं की बाहेर पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायची कुणाची टाप नव्हती. स्लॅब घालताना काकांनी ते सगळं उखडून टाकलं. जुनाट दिसतंय म्हणे! मग आता हे काय दिसतंय?

पडवीत लोखंडी पट्ट्यांचा उघडा स्टँड पाहिजे, खाली पाणी गळायला ट्रे. रेनकोटच्या खुंट्या दाराबाहेर, पोरांसाठी तीन फुटांवर, म्हणजे त्यांची त्यांना अडकवता येतील. हेल्मेटला एक फळी. एवढ्याला कुणी राजवाडा मागितला म्हणत नाही. पण घरात विषय काढला की प्रत्येकजण "बघूया की" म्हणून उठून जातो.

गणपती तोंडावर आलेत. मूर्ती याच दारातनं आत यायची. पाट डोक्यावर घेतलेल्या माणसानं खाली चपला चुकवत चालायचं? ते कपाट चतुर्थीच्या आधी निघालं पाहिजे. कुणी हात लावला नाही तर पहार घेऊन मीच काढणार, मग काका कितीही चिडूदेत.