‘नभ’ म्हणजे ‘न + भ’ नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून येतच असतो. त्याचा सारांश असा: ‘भ’ म्हणजे प्रकाश, ‘न + भ’ म्हणजे जिथे प्रकाश नाही ते, म्हणजे अंतराळ काळंकुट्ट आहे हे ऋषींना ठाऊक होतं. पुढे पुरवणी: इंग्रजांनी हाच शब्द उचलून ‘नेबुला’ (अंतराळातला तेजोमेघ) केला, आणि ‘नभ’ व ‘नाभी’ हे मुळात एकच. खाली हात जोडलेले आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. अभिमान आहेच, म्हणून जरा तपासून घेऊ.

‘न + भ’ची फोड आधी व्याकरणातच अडखळते. संस्कृतात व्यंजनापुढे नकार ‘अ’ने होतो: अज्ञान, अभय, अप्रकाश. अपवाद आहेत, नाही असं नाही. नकुल, नख, नपुंसक, नक्षत्र, नाक (स्वर्ग) अशा शब्दांत ‘न’ तसाच राहतो, आणि पाणिनीने त्यांची यादीच एका सूत्रात दिली आहे. त्या यादीत ‘नभ्राज्’ आहे, ‘नभस्’ नाही. शिवाय मूळ शब्द ‘नभ’ नसून ‘नभस्’ आहे. मनस्‌चं मनोरंजन, तपस्‌चं तपोवन, तसंच नभस्‌चं नभोमंडळ आणि नभोवाणी. शेवटचा ‘स्’ या फोडीत कुठे बसवायचा, हे मजकूर सांगत नाही. आणि ‘भ’ हा सुटा शब्द घ्यायचाच तर ज्योतिषात त्याचा रूढ अर्थ नक्षत्र असा आहे; भचक्र, भगण त्यातूनच आले. मग नभ म्हणजे जिथे एकही तारा नाही ती जागा!

‘पण जुन्या ग्रंथांत अशी व्युत्पत्ती आहे’ असं कोणी म्हणेल. आहे, पण एकच नाही. उणादिसूत्रं, म्हणजे धातूंपासून शब्द कसे बनतात ते सांगणारी जुनी व्याकरणसूत्रं, ‘नभस्’ काढतात ‘नह्’ म्हणजे बांधणे या धातूपासून. वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणारा यास्क आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात चार-पाच पर्याय देतो. त्यातला शेवटचा मात्र वाचण्यासारखा आहे: ‘न न भातीति वा’. म्हणजे ‘प्रकाशत नाही असं नाही’. दोन नकार, अर्थ होकार! ज्या निरुक्ताच्या नावाने काळोख सिद्ध करायचा, त्यातच उजेड निघतो. यास्काला शब्दाचा अर्थ ध्यानात ठसवायचा होता, त्याचा जन्मदाखला काढायचा नव्हता. त्याला आजच्या कामाला जुंपणं हाच त्याच्यावर अन्याय आहे.

जन्मदाखला हवा असेल तर वापर पाहावा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अग्नीच्या एका सूक्तात ‘नभो न रूपं जरिमा मिनाति’ असं येतं: ढग रूप झाकोळून टाकतो तसं म्हातारपण रूप नासवतं. इथे आकाश हा अर्थ लावून बघा, ओळ कोसळते. तैत्तिरीय संहितेत पावसाळ्याचे दोन महिने आहेत नभस् आणि नभस्य, म्हणजे आपले श्रावण-भाद्रपद. प्रकाश नसलेल्या पोकळीचं नाव पावसाच्या महिन्यांना कोण देईल? ढगांचं नाव मात्र शोभून दिसतं. मेघदूतातला यक्ष आषाढाच्या पहिल्या दिवशी मेघ पाहतो आणि दोनच श्लोकांनंतर कालिदास म्हणतो ‘प्रत्यासन्ने नभसि’, म्हणजे श्रावण तोंडावर आला असता. ‘आकाश जवळ आलं असता’ असं भाषांतर केलं तर शाळेतले संस्कृतचे मास्तर वहीच भिरकावतील.

तेव्हा नभ म्हणजे आधी दमट धुकं, ढग. मग ढगांची जागा. मग सगळं आकाश. मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. आपला ‘आभाळ’ शब्द ‘अभ्र’ म्हणजे ढग यावरून आला. आजही ‘आभाळ आलंय, कपडे काढ’ म्हणताना आपण ढगच म्हणतो आणि ‘आभाळाला हात टेकले’ म्हणताना आकाश. इंग्रजीतला ‘स्काय’सुद्धा जुन्या नॉर्स भाषेतल्या ढगावरूनच आलेला.

काळ्या अंतराळाचा शोध? रात्री अंगणात आलेल्या कोणालाही आकाश काळंच दिसतं. त्याला ऋषी लागत नाही.

आता ‘नेबुला’. तो चोरलेला नाही, नात्यातला आहे. लॅटिन नेबुला म्हणजे धुकं, ढग. ग्रीक नेफॉस म्हणजे ढग. जर्मन नेबेल म्हणजे धुकं. रशियन नेबो म्हणजे आकाश. चोरी असती तर शब्द जसाच्या तसा गेला असता. इथे बदल ठरलेल्या वाटेने झालेत: शब्दाच्या पोटात संस्कृत ‘भ’ असेल तिथे ग्रीकमध्ये ‘फ’ आणि लॅटिनमध्ये ‘ब’. संस्कृत उभौ (दोघं), ग्रीक आम्फो, लॅटिन आम्बो बघा. हे एका मूळ भाषेपासून फुटलेल्या भावंडांचं लक्षण आहे, उसनवारीचं नाही.

‘नाभी’चा दावा याच हिशेबात निकालात निघतो. नाभीचे नातलग ग्रीकमध्ये ओम्फालोस, लॅटिनमध्ये उम्बिलिकुस. दोघांच्या सुरुवातीला स्वर आहे. नेफॉस-नेबुलाच्या सुरुवातीला तो नाही. धातू वेगळे, घराणी वेगळी. संस्कृतात येईपर्यंत नाभीने तो स्वर गाळला आणि नाभी व नभ जुळ्यासारखे दिसू लागले, इतकंच.