नवी ‘स्टार ट्रेक’ मालिका पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळकथेची नवी मालिका पाहावी असे आपल्या मनात आले असेल, तर ती एकट्याने पाहण्याचा करंटेपणा करू नये. शेजारी एक जुना जाणकार हवाच. गेल्या रविवारी आम्हाला आमच्या भाऊजींचा लाभ झाला. ऐंशीच्या दशकात त्यांनी दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ ‘स्टार ट्रेक’ पाहिली होती आणि तेव्हापासून या विषयातला अधिकार त्यांच्याकडे तहहयात आहे. त्यांच्या उजव्या मुठीत चिवडा होता, डाव्या हातात रिमोट होता, आणि पन्नासेक मिनिटांचा पहिला भाग आम्ही दोन तास दहा मिनिटांत पाहिला. त्या सत्संगातून हाती लागलेल्या सूचना येथे देत आहे.

मत आधीच ठरवून बसावे, म्हणजे पाहताना लक्ष विचलित होत नाही.

पडद्यावर एंटरप्राइज हे अंतराळजहाज दिसताच पॉज दाबावा. नवी मालिका मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या आधीच्या काळात, कॅप्टन पाइकच्या कारकिर्दीत घडते. मग 1966 च्या जहाजावर जी रंगीत बटणे होती, त्यांच्या जागी त्याहून जुन्या काळात असे चकचकीत पडदे कोठून आले, हा प्रश्न खोलीतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावा. पुढे गॉर्न नावाचे सरड्यासारखे परग्रहवासी येतील, तेव्हा अधिकच खवळावे. 1967 चा गॉर्न म्हणजे रबरी पोशाखात घामाघूम झालेला एक माणूस होता आणि कर्कशी त्याची झटापट पाहताना दोघेही गुडघाभर पाण्यात असावेत असे वाटते. नव्या गॉर्नची खरोखरच भीती वाटते, हा त्याचा अक्षम्य अपराध आहे.

दुसरा सीझन ऑगस्ट 2023 मध्ये ऐन संकटात सोडून तिसरा जुलै 2025 मध्ये आणणाऱ्यांविषयी मात्र अवाक्षर काढू नये. पूर्वी वर्षाला सव्वीस भाग येत असत, आता दहा येतात, तेव्हा एकेका भागावर राग काढायला आपल्याला सवड तरी मिळते.

दुसऱ्या सीझनमध्ये सगळे जहाज गाऊ लागते. तो भाग पाहायचा नसतो, त्याबद्दल फक्त ऐकून ‘आमच्या वेळी असला पोरखेळ नव्हता’ एवढे म्हणायचे असते. भाऊजींनी तो न पाहताच तसे म्हटले. आमच्या वेळी, म्हणजे 1968 मध्ये, परग्रहावरच्या बायका जहाजावरच्या टोकदार कानांच्या स्पॉकचा मेंदू चोरून नेतात आणि डॉक्टर मॅकॉय त्याचे बिनमेंदूचे शरीर रिमोटने चालवतो, असा एक पूर्ण गंभीर भाग होता. मी भाऊजींच्या डाव्या हाताकडे पाहिले आणि गप्प बसलो.

आता शेवटची आणि सर्वांत मोलाची सूचना. पहिल्याच भागात पाइक परक्या ग्रहावरच्या लोकांना आपल्या पृथ्वीची एकविसाव्या शतकातली यादवी दाखवतो. तेथे सुस्कारा सोडून म्हणावे, “यांनी यातही राजकारण घुसवलंच.” जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी स्त्री आहे हे कळताच दुसरा सुस्कारा सोडावा. भाऊजींनी दोन्ही सोडले, दुसऱ्याच्या वेळी चिवडाही सांडला.

अहो, घुसवले कोणी? 1964-65 मध्ये बनवलेल्या पहिल्या नमुना भागात हाच पाइक होता आणि त्याच्या खालोखाल हीच ‘नंबर वन’ होती, स्त्रीच होती. वाहिनीने तो भाग नाकारला, नवा नमुना बनला आणि त्यातून ती गायब झाली. तिची ती खुर्ची तिला पन्नासहून अधिक वर्षांनी परत मिळते आहे, आणि तुम्हाला ती उपरी वाटते? शीतयुद्ध ऐन भरात असताना 1967 पासून त्या जहाजाची दिशा सांगायला चेकॉव्ह नावाचा रशियन बसवला होता, ते काय नावेला वल्हे कमी पडले म्हणून? नोव्हेंबर 1968 मध्ये गोरा कर्क आणि जहाजावरची कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांचे चुंबन अमेरिकेच्या टीव्हीवर दाखवणे ही काय प्रेमकथा होती? जानेवारी 1969 मध्ये एकाचा चेहरा उजवीकडे काळा आणि दुसऱ्याचा डावीकडे काळा, एवढ्यावरून सगळा ग्रह एकमेकांना मारून संपतो, ही गोष्ट तुम्ही कोणत्या डोळ्यांनी पाहिलीत? मूळ मालिकेचे एकोणऐंशी भाग आहेत. त्यांतले तुम्हाला नीट आठवतात ते आठ, आणि त्या आठांतही तुम्हाला आठवतात ते स्पॉकचे कान.

नवी मालिका आवडली नाही तर खुशाल नावे ठेवा. मलाही तिच्यातले बरेच खटकते, आणि ते मी भाग संपल्यावर सांगणार होतो. पण जुनीच्या नावाने गळा काढण्यापूर्वी ती एकदा पाहून तरी या. आणि भाऊजी, पुढच्या रविवारी जरूर या, ताईने चकल्या करायचे ठरवले आहे. मात्र रिमोट माझ्याकडे राहील.