टाकी केवढी, ॲव्हरेज किती?

दिलीप कट्ट्यावर आला तोच छाती फुगवून. "नव्याण्णव! संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांवर देशांना क्रमांक देणाऱ्या २०२५च्या अहवालात भारत पहिल्यांदाच पहिल्या शंभरात!"

"दहावीला काठावर पास झालास, तेव्हाही असेच पेढे वाटले होतेस," संगीता म्हणाली.

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "१६७ देशांत ना? मग नेपाळ कितवा?"

दिलीपनं मोबाइल चाळला. "पंच्याऐंशी." मग हळूच, "भूतान चौऱ्याहत्तर."

"नेपाळचं दरडोई उत्पन्न आपल्या निम्म्याच्या आसपास! अरे, एसटीत गाडी मुक्कामाला पोचली एवढ्यावर ड्रायव्हरची पाठ थोपटत नव्हते. दहा लिटरला किती किलोमीटर काढलेस, ते विचारायचे. फिनलंड पहिला, पण त्याची टाकी बघ केवढी! कोस्टारिकानं १९४८ साली लष्कर मोडीत काढलं, पैसा शाळा-दवाखान्यांत घातला. उत्पन्न अमेरिकेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि माणसं अमेरिकेपेक्षा जास्त जगतात. याला म्हणतात ॲव्हरेज!"

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी संगीता थोडी सरसावली. "पण अण्णा, असं ॲव्हरेज मोजण्यात मेख आहे. कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त साधणारे देश एका रेषेवर धरतात, बाकीचे तिच्यापासून किती मागे ते मोजतात. जो देश खर्चाला हातच आखडता घेतो, तोही त्या रेषेवर जाऊन बसू शकतो."

"म्हणजे घाटात गाडी न्यूट्रलला सोडायची! ॲव्हरेज झकास, पॅसेंजर देवाघरी."

मला हे तिथल्या तिथे पटलं. दवाखानाच बांधला नाही, तर वाचलेल्या पैशाला काटकसर म्हणायचं नसतं. आणि श्रीमंत देश आपला माल दुसरीकडे बनवून घेतात, तिथला धूर कोणाच्या खात्यावर? मी विचारलं, तर संगीता म्हणाली, इतरांवर टाकलेल्या ओझ्याचे गुण त्याच अहवालात वेगळे दिलेत आणि तिथे बडे बडे देश गडगडतात.

"तुम्हाला देशाचं चांगलं बघवतच नाही!" दिलीप उसळला.

"बघायचंय म्हणून तर विचारतोय," अण्णा म्हणाले. "सतरा उद्दिष्टं, मुदत २०३०. राहिलंय किती?"

"तुमचं ॲव्हरेज मला सांगू नका! पंढरपूरच्या रस्त्यावर तुमच्या स्कूटरचं पेट्रोल संपलं, तेव्हा दोन किलोमीटर ढकलली कोणी? मी!"

"आणि ते दोन किलोमीटर," संगीता म्हणाली, "अण्णांनी स्वतःच्या ॲव्हरेजात धरले असणार!"

अण्णांना असा ठसका लागला की चहा सदऱ्यावर. दिलीपच त्यांची पाठ चोळत होता, हसत हसत.