समई, नथ आणि एफ १.५

आजीचा एक फोटो काढायचा होता. देवघरापुढे, समईच्या उजेडात, फ्लॅश न मारता. एवढ्याशा इच्छेपायी माझे चार महिने गेले.

माझा कॅमेरा बेसा-आर, म्हणजे रेंजफाइंडर. यात लेन्समधून काही दिसत नाही. बाजूच्या खिडकीतून बघायचं, मधल्या चौकोनात समईच्या एका ज्योतीच्या दोन दिसतात, त्या रिंग फिरवून एकीवर एक बसवायच्या, की झाला फोकस. लेन्स होती ज्युपिटर-८, ५० मिमी, एफ २ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). गुणी बिचारी. पण उजेड मोजणारा मीटर १/१५ सेकंद मागत होता. तेवढा वेळ माझा हात स्थिर राहत नाही, आणि आजी तर झोपेतही राहत नाही.

म्हणजे फास्ट लेन्स हवी, जास्त उजेड आत घेणारी. आणि माझ्या कॅमेऱ्यावर बसेल अशी, ३९ मिमीच्या आट्यांची.

कॅननची एफ १.२ मिळत होती, पण विकणारा 'किंचित बुरशी' म्हणाला. आमच्याकडे पावसाळ्यात लोणच्याला बुरशी येते तेव्हाही आई 'किंचित'च म्हणते. कॅननचीच १९६१ ची एफ ०.९५ स्वप्नात येऊ लागली, पण तिला आटेच नाहीत, ती कॅनन-७ आणि ७एस सोडून कुणाच्या गळ्यात पडत नाही. नोक्टन नावाच्या एफ १.५ लेन्समध्ये खोट सापडेना. किमतीत सापडली.

राहिली ज्युपिटर-३, एफ १.५. लुडविग बेर्टेले यांनी १९३२ च्या सुमारास जर्मनीच्या झाइस कंपनीसाठी केलेल्या सोनार लेन्सचा रशियन अवतार. आजीला हे सगळं सांगितलं. तिने त्यातलं एकच उचललं. "जर्मनीतसुद्धा सोनार असतात?"

एफ २ वरून एफ १.५ म्हणजे उजेड पावणेदोनपट, असं मी बायकोला समजावत होतो. ती समई घासत होती. म्हणाली, "अहो, एकच वात लावता. उरलेल्या चार लावल्या तर?"

रात्री गुपचूप हिशोब केला. एफ २ वरून ०.९५ ला उडी मारली तरी उजेड साडेचारपटसुद्धा होत नाही. पाच वातींचा पाचपट होतो. हा कागद मी फाडून टाकला आणि सकाळी ज्युपिटर-३ चे पैसे भरले.

फोटो आहे म्हणून आजीने मोत्यांची नथ घातली. पहिले आठ फोटो लेन्सचं झाकण न काढता घेतले. खिडकीतून सगळं छान दिसतच होतं. मीटर 'उजेड कमी' म्हणून ओरडत होता, पण समईपुढे तो ओरडणारच, असं मी धरून चाललो. झाकण बायकोने काढलं. काही बोलली नाही, हे विशेष.

एक मीटरवर एफ १.५ ला जेमतेम साडेतीन सेंटीमीटर खोली फोकसमध्ये राहते. मी डोळ्यांवर फोकस केला, आणि दाबणार तोच आजीने मान मागे घेतली.

रोल धुऊन आला. डोळे धुक्यात. नथ मात्र अशी की एकेक मोती मोजून घ्यावा, तारेचा वेढासुद्धा दिसतोय. मी ओशाळून प्रिंट पुढे केली. आजीने ती बराच वेळ निरखली आणि बायकोला हाक मारली.

"ही घेऊन सोनाराकडे जा गं. म्हणावं, हुबेहूब अशीच घडव."