रोज आठच शब्द का?

नमस्कार. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी रोज आठ शब्द शिका, एका मिनिटाची फीत पुन्हा पुन्हा ऐकून लिहा आणि याला सलग दीड तास द्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. क्लासमध्ये रोज पन्नास शब्द देतात, मग आठ म्हणजे वेळकाढूपणा. सबटायटल लावून सिनेमे पाहिले की कान तयार होतो, तेच ते एक मिनिट घोटायचं कशाला? आणि हिंजवडीहून कोथरूडला रात्री आठला पोचणाऱ्याने दीड तास आणायचा कुठून?

तिसरा आक्षेप मान्य. सलग दीड तास हवा असं लिहायला नको होतं. सकाळी वीस मिनिटं शब्द, रात्री अर्धा तास ऐकणं आणि बसमध्ये कालचीच फीत नुसती ऐकणं, एवढं पुरतं.

पहिल्या दोन मुद्द्यांवर मात्र मी ठाम आहे. पन्नास शब्द छापील पानावर ओळखता येतात. आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये ४० प्रश्न असतात, फीत एकदाच वाजते आणि स्पेलिंग चुकलं की गुण जातो. आपण 'कम्फर्टेबल' पूर्ण उच्चारतो, बोलणारा 'कम्फ्टबल' म्हणून पुढे गेलेला असतो. 'अकॉमोडेशन' ऐकू येतं, पण लिहिताना दोनपैकी एक एम गळतो. म्हणून एका शब्दाला दोन मिनिटं द्या: डिक्शनरीतला उच्चार तीनदा ऐकून मोठ्याने म्हणायचा, न बघता लिहायचा, जोडीने येणारा शब्द टिपायचा (पाऊस 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' नाही), मग स्वतःचं एक वाक्य. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. म्हणजे पंधरवड्यानंतर रोज आठ नवे आणि बत्तीस जुने. पन्नासाच्या हिशेबात जुनेच दोनशे होतात. तिथे उजळणी सुटते आणि पाठांतर वाहून जातं.

सबटायटल असलं की डोळा पुढे धावतो, कानाला काम उरत नाही. एका मिनिटाची फीत आधी नुसती ऐका. मग वाक्यावाक्याला थांबवून लिहा, तिसऱ्यांदा गाळलेलं भरा आणि शेवटी छापील संहितेशी ताडा. प्रत्येक चुकीवर खूण करा: शब्दच माहीत नव्हता तर 'न', माहीत असून ऐकू आला नाही तर 'क', ऐकून चुकीचा लिहिला तर 'ल'. 'क' वाढले तर नवे शब्द पाठ करून उपयोग नाही. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत जोर मोजक्या अक्षरांवर पडतो आणि 'ऑफ', 'टू', 'हॅव' गिळले जातात. 'शुड हॅव' हे 'शुडव' होतं. 'थर्टी' आणि 'थर्टीन' बहुधा जोरावरूनच ओळखावे लागतात: पहिल्यात तो सुरुवातीला, दुसऱ्यात शेवटी.

व्याकरणाला रोज दहा मिनिटं, तीही त्या दिवशीच्या चुकांवर. रिकाम्या जागेआधी 'मेनी' असेल तर उत्तर अनेकवचनीच. शेवटचा एस राहिला तर गुण नाही. इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स मराठीत नाहीत, म्हणून तीच सर्वाधिक सुटतात.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर नवे शब्द थांबवा. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून संहिता असलेला सराव संच आणा आणि रोज एकच भाग वेळ लावून सोडवून, वरच्या तीन खुणांनी तपासा.