खुलासा : लांब नळीची शॉटगन लांब मारते का?

‘लांब नळी लांब मारते, म्हणून शिकार आणि क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी) दोन्हींसाठी एकच शॉटगन, म्हणजे छर्‍यांची बंदूक, घ्यायची तर 30 इंची नळीचीच घ्या,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. त्यातलं कारण चुकीचं आहे. आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू नळीच्या पहिल्या भागातच जवळपास जळून संपते. पुढच्या प्रत्येक इंचामागे छर्‍यांचा वेग सेकंदाला साधारण 5 ते 10 फुटांनी वाढतो. मूळ वेगच 1200 फुटांच्या आसपास असताना एवढ्याने काही बिघडत नाही.

पल्ला ठरतो तो चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी केलेला निमुळता भाग) आणि काडतुसावर. 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात फुल, म्हणजे बर्‍याच अरुंद, चोकमधून सुमारे 70 टक्के छर्रे पडतात, इम्प्रूव्हड सिलिंडर या किंचितच अरुंद चोकमधून 50. म्हणून बदलत्या चोकची, 28 इंची नळीची बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) शॉटगन मला दोन्ही कामांना सर्वांत सोयीची वाटते.

लांब नळीचा फायदा आहे, पण वेगळाच: वजन पुढे जातं, हात एका लयीत फिरतो. झाडीत मात्र तीच अडचण होते.

घेण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नजर नळीवरच्या पट्टीच्या सरळ रेषेत नसेल, तर आधी दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) मापाचा करून घ्या.