तेलपुराण

शनिवारी सकाळी आमच्या कनेक्टिकटमधली मराठी मंडळी आपापल्या मार्गाला लागतात. कुणी योगासनांना जातं, कुणी मुलांना मराठी शाळेत सोडून बाहेर गाडीतच डोळा लावतं, कुणाला गणपतीच्या मीटिंगला सहा महिने आधीच बोलावलेलं असतं. मी विमानाखालचे ट्रे रिकामे करायला जातो.

"विमान तुझं आहे?" हा पहिला प्रश्न. नाही. "मग उडवतोस का?" नाही. "पगार देतात?" उलट वर्गणी घेतात. यानंतरचा प्रश्न बहुधा माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारला जातो.

विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं टी-६ टेक्सन. इंग्रजांनी त्याला हार्वर्ड म्हटलं, म्हणून आपणही हार्वर्ड म्हणतो. पंधरा हजारांहून जास्त बनली आणि वैमानिकांच्या कैक पिढ्या त्यात बसून शिकल्या, आपल्या हवाई दलातल्यासुद्धा. एका लहानशा विमानतळावर काही हौशी लोकांनी यातलं एक जिवंत ठेवलंय. आठवडाभर माझी नोकरी 'क्लाउड'वर चालते. शनिवारी मी खरोखरच ढगात जाणाऱ्या वस्तूच्या पोटाखाली उताणा पडलेला असतो.

या पोटावर जे तेल येतं ते नाकावरच्या इंजिनातून. प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प, नऊ सिलिंडर गोल रिंगण करून बसलेले (अशा इंजिनाला रेडियल म्हणतात), सगळे मिळून २२ लिटर, ताकद ६०० अश्वशक्ती. जन्म इथलाच, हार्टफर्डचा. १९२५ साली फ्रेडरिक रेंट्श्लर आणि त्यांच्या सोबत्यांनी अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यातली तंबाखू साठवायची जागा मोकळी करून घेतली आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी पहिलं इंजिन जुळवून तयार केलं. 'वास्प' हे नाव रेंट्श्लरबाईंनी सुचवलं म्हणे. माझी बायकोही त्याला नावं ठेवते, पण ती छापण्यासारखी नसतात. पुढे अशी सुमारे ३५ हजार इंजिनं बनली. त्यातलं एखादं न गळणारं होतं, असं आमच्या मुकादमांनी अजून ऐकलेलं नाही.

मुकादम म्हणजे आमच्या हँगरचे मुख्य मेकॅनिक. सत्तरी उलटलेले, मितभाषी, कानाला पेन्सिल, खिशात चिंधी. त्यांचं पहिलं प्रवचन प्रत्येक नव्या शिष्याला एकदाच मिळतं. ते असं, की रेडियल इंजिनाखाली तेल दिसलं नाही तर समजावं, आत तेल नाही. दुसरं प्रवचन म्हणजे उड्डाणापूर्वी तेल भरा आणि पेट्रोल तपासा. मला वाटलं उलट बोलून गेले. ते कधीच उलट बोलत नाहीत.

आता गणित करा. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे ते उघडणारे १८ दांडे, पुशरॉड. प्रत्येक पुशरॉडला एक नळी, नळीला दोन टोकं, टोकाला एकेक सील. झाले ३६ सांधे. शिवाय व्हॉल्व्हवरच्या डब्यांची, म्हणजे रॉकर बॉक्सची, १८ झाकणं आणि त्यांची १८ गॅस्केटं. एक जागा कोरडी केली की तेल रुसून दुसरीकडून निघतं. नवखा माणूस पाना घेऊन आवळायला धावतो. जास्त आवळलं की झाकण वाकतं, आणि जिथे थेंब येत होता तिथे धार लागते. कोकणातल्या जुन्या घरात कौलं गळायला लागली की जशी जागोजागी पातेली मांडतात, तसे आम्ही इंजिनाखाली ट्रे मांडतो. कुठला थेंब कुठल्या ट्रेत पडणार हे आम्हाला तोंडपाठ असतं, आणि एखादा थेंब जागा बदलून पडला तर त्यावर कॉफी पिताना चर्चा होते.

मी एकटाच असा दुर्दैवी, असं वाटायला लागलं की मी डाकोटावाल्यांची आठवण काढतो. २०१८ मध्ये आपल्या हवाई दलात 'परशुराम' नावाचं एक डाकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान, डागडुजी करून दाखल झालं. त्याला दोन इंजिनं, प्रत्येकी १४ सिलिंडर. पुशरॉडच्या नळ्यांची टोकं ११२. ती पुसणाऱ्यांना इथूनच साष्टांग नमस्कार.

ट्रे भरलेला असला की मुकादम खुशीत असतात. नेहमीचा ट्रे कोरडा दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. का, ते कळायला आतली रचना सांगायला हवी. मोटारीत तेल इंजिनाच्या तळाशीच साठवलेलं असतं. इथे त्याची टाकी वेगळी, तीही दहा गॅलनच्या घरातली, म्हणजे जवळजवळ ३८ लिटर. एक पंप टाकीतलं तेल इंजिनात ढकलतो. दुसरा, त्याहून मोठा, वापरून फेसाळलेलं तेल ओढून टाकीत परत पाठवतो. इंजिन बंद झालं की दोन्ही पंप रजेवर जातात. गुरुत्वाकर्षणाला मात्र रजा नसते. आतल्या भिंतींवरचं, कोपऱ्याकापऱ्यातलं तेल हळूहळू खाली उतरतं. खाली कोण असतं? पाच आणि सहा नंबरचे सिलिंडर, डोकं खाली करून लटकलेले. त्यांच्या पिस्टनच्या रिंगांमधून झिरपत झिरपत ते थेट ज्वलनाच्या जागेत जाऊन बसतं. म्हणजे जे तेल ट्रेमध्ये नाही, ते कदाचित तिथे आहे.

हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. अशा अवस्थेत कुणी स्टार्टर मारला, तर पिस्टन खाली येऊन तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याच क्षणी तुटला तर नशीबच म्हणायचं. बहुतेकदा तो जरासाच वाकतो, इंजिन चालू होतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पुढे कधीतरी आकाशात तो तुटतो.

म्हणून आधी पंखा, म्हणजे प्रॉपेलर, हाताने फिरवायचा. दोन पात्यांचा, नऊ फूट व्यासाचा. मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रं, बंद आहेत का, हे खालच्याने ओरडून विचारायचं, कॉकपिटमधल्याने ओरडून सांगायचं, आणि पात्याला हात लावताना ते चालूच आहेत असं समजायचं. मग एकेक पातं ओढायचं आणि मोजायचं. मी मराठीत मोजतो. मुकादमांना आता आठपर्यंत येतं, फक्त 'सहा'ला ते 'साहा साहा' असं दोनदा म्हणतात आणि एक पातं जास्त ओढलं जातं. त्याने काही बिघडत नाही.

नेहमीचा दाब मऊ असतो. रेटलं की कुरकुर करून वाट देतो. तेल अडवतं तेव्हा पातं ठाम उभं राहतं. त्या वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे अजून जोर लावायचा. तिथेच रॉडचं भवितव्य ठरतं. दुसरा जास्त गोड, पातं उलटं फिरवायचा. उलटं फिरवलं की अडथळा गायब होतो, माणसाला आपण हुशार असल्याचं वाटतं, आणि तेल तेवढं इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, पाइपात जाऊन दबा धरून बसतं. इंजिन सुरू झालं की परत आत. तिसरा मार्ग खरा, आणि तो नेहमीसारखाच कंटाळवाणा. खालच्या सिलिंडरचा प्लग काढा.

प्लग काढायला गुडघ्यांवर बसून हात वर करावा लागतो. शेवटच्या आट्याला पाना सैल होतो, काठाशी एक काळा थेंब फुगतो, किंचित थांबतो, आणि मग बाकीचे सगळे नातेवाईक घेऊन पान्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत बाहीच्या आतून उतरतो. बाही वर करायला दुसरा हात मोकळा नसतो, कारण त्याने डबा धरलेला असतो. डब्यात काहीच पडत नाही. मुकादम बाजूला उभे राहून "हं" म्हणतात.

हे झालं उन्हाळ्यातलं. जानेवारीत इथे सगळं गोठतं. या इंजिनाला लागणारं तेल १२० ग्रेडचं, म्हणजे मोटारीच्या मापात एसएई ६०. आपल्या गाड्यांचं २० किंवा ३० असतं. थंडीत हे तेल डबा उलटा केला तरी आपला निर्णय लगेच जाहीर करत नाही. मग हीटर लावा, इंजिनावर जाड पांघरूण घाला, आणि वाट पाहा. पूर्वी अलास्कातले वैमानिक रात्री गरम तेल डब्यांत काढून घ्यायचे, शेगडीपाशी ठेवायचे आणि सकाळी परत ओतायचे. लष्करात तर इंजिन बंद करण्याआधी तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ करायची सोय असे. सकाळी इंजिन तापलं की पेट्रोल उडून जाई. अलास्काची गोष्ट मी घरी कौतुकाने सांगितली. बायको म्हणाली, "आपल्या स्वयंपाकघरात असला डबा दिसला, तर रात्री तू पण हँगरमध्येच झोपायचं."

इंजिन सुरू झालं की ३० सेकंदांत तेलाचा दाब काट्यावर दिसला पाहिजे, नाहीतर लगेच बंद. बाहेर निळ्या धुराचा लोट उठलेला असतो, लोक फोटो काढत असतात, खालच्या सिलिंडरांत उरलंसुरलं तेल जळत असतं. कॉकपिटमधल्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. तो एका काट्याकडे पाहत कुलदैवतापासून सुरुवात करतो आणि गावाच्या वेशीवरच्या म्हसोबापर्यंत येतो. आमचा वैमानिक प्रेस्बिटेरियन आहे, पण चेहरा तोच.

उड्डाण झालं, विमान परत आलं, की पुसणं. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलायलाही इंजिनाचंच तेल वापरतात, त्यामुळे पंख्याच्या मधल्या हबच्या सीलमधून निघालेले शिंतोडे थेट विंडशील्डवर. बाकीचं पोटाखाली शेपटीपर्यंत. तासाला एक-दोन क्वार्ट (क्वार्ट म्हणजे साधारण लिटरभर) तेल गेलं तर कुणी भुवई उंचावत नाही. ते सगळं जळत नाही, बरंचसं माझ्या वाट्याला येतं.

खरी परीक्षा तेल बदलताना. मूळच्या या इंजिनाला मोटारीसारखा कागदी फिल्टर नाही, जाळी आहे. ती मागच्या बाजूला, जिथे हात जातो पण नजर जात नाही, आणि नजर जाते तेव्हा हात जात नाही. आधी लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेली तार, कापायची. तिचं टोक बोटात घुसतं, हा विधीचाच भाग आहे. जाळी बाहेर काढून सॉल्व्हंटमध्ये धुवायची, ते सॉल्व्हंट पांढऱ्या कपड्यातून गाळायचं, आणि कपडा खिडकीशी धरायचा. हँगरमध्ये एरवी रेडिओ चालू असतो. या वेळी कुणीतरी तो बंद करतं. काळे कण दिसतात. मुकादम एक कण बोटांत चुरडतात. चुरडला तर काजळी, काळजी नाही. नाही चुरडला तर खिशातून चुंबक. चिकटला तर पोलाद. चिकटला नाही आणि पिवळट चमकला तर एखाद्या बुशिंगचं (फिरत्या दांड्याभोवतीच्या कड्याचं) कांसं, पांढरट असला तर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. मग किती, केवढे, गेल्या खेपेपेक्षा जास्त की कमी. वहीत लिहायचं. बारीक भुकटी चालते, कीस चालत नाही. ज्यांनी रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलंय, त्यांना मुकादमांचं तोंड कधी उघडतं याची वाट पाहणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ते "हं" म्हणतात. कुणीतरी रेडिओ लावतं.

घरी माझे कपडे वेगळे धुतले जातात, म्हणजे आधी गराजमध्ये, मग विनवण्या करून यंत्रात. बायकोने यात एवढं प्रावीण्य मिळवलंय, की कॉलर नुसती हुंगून तेल जुनं की नवं ते सांगते. मी तिला धीर देतो, की शंभर वर्षं आधी जन्मलो असतो तर हाल याहून वाईट होते. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांत, म्हणजे ज्यांचे सिलिंडरच गरागरा फिरत त्या प्रकारात, वंगण म्हणून एरंडेल वापरत. तेल परत टाकीत जायचंच नाही, सगळं मागे वैमानिकाच्या तोंडावर. तो ते तासन्‌तास हुंगायचा, गिळायचा, आणि जे व्हायचं ते व्हायचं. आपले सरदार हरदित सिंग मलिक अशाच इंजिनाचं सॉपविथ कॅमल लढाईत उडवत होते. शत्रूच्या गोळ्या एकवेळ चुकवता येतात.

हँगरमध्ये पाहुणे येतात तेव्हा सल्ले मिळतात. भाचा म्हणाला, "मामा, प्रत्येक सांध्याला सेन्सर लावू. थेंब पडला की फोनवर नोटिफिकेशन." मी त्याला म्हटलं, बाळा, मग फोन कानाला लावायला मिळायचा नाही. एक गृहस्थ आपल्या टोयोटाखाली वीस वर्षांत डाग पडला नाही असं सांगून गेले. मुकादमांनी त्यांना नम्रपणे विचारलं, "उडते का?"

यंदा पाडव्याचा कार्यक्रम आटोपून एक बाई आपल्या वडिलांना घेऊन आल्या. काका हवाई दलातून निवृत्त झालेले, इंजिन फिटर. हार्वर्डवर काम केलेले. पांढराशुभ्र झब्बा, हातात काठी. विमानापाशी येताच काठी मुलीच्या हातात गेली आणि काका वाकून काउलिंगखाली, इंजिनाच्या आवरणाखाली, पाहायला लागले.

"गळतंय का?" त्यांनी मला विचारलं.

मी सील, गॅस्केट, जुनं वय वगैरे स्पष्टीकरण सुरू केलं.

"अहो, गळतंय ना? मग झालं. प्रॉप फिरवलात?"

"बाबा, हात लावू नका," मुलगी म्हणाली. तोवर बोट लावून, अंगठ्यावर चोळून, वास घेऊन झाला होता. मुकादम लगबगीने पुढे आले. त्यांना काकांचं इंग्रजी कळेना आणि काकांना त्यांचं, तरी आधी पाच नंबरचा प्लग काढावा की सहाचा यावर दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. दोघेही बोटांनी आकडे दाखवत होते. शेवटी काकांनी मुकादमांच्या हातातला पाना काढून घेतला आणि ते गुडघ्यांवर बसले.

"घरी गॅसचा सिलिंडर बदलायला उठत नाहीत," मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली.

शेवटच्या आट्याला थेंब फुगला. मी तोंड उघडेपर्यंत तो बाहीत शिरला होता. मुकादम "हं" म्हणाले. काकाही "हं" म्हणाले.

"हे डाग कशाने जातात हो?" तिने विचारलं. मी तिला माझ्या बायकोचा नंबर दिला.